बांध घालणाऱ्यांची जागा

आमच्या गावच्या टोकाला, खाडीच्या वरच्या अंगाला, एक उतार आहे. त्याला सगळे काप्र्यांची जागा म्हणत. काप्री म्हणजे आफ्रिकेतली माणसं. पोर्तुगिजांनी त्यांना गुलाम करून जहाजातून गोव्यात आणलं आणि त्यातली काही तिथून पळून उत्तरेला, आमच्या बाजूला आली. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे लांबलचक बांध आहे. तो त्यांनीच घातला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मेल्यावर त्यांना त्या उतारावर पुरलं, हेही सांगेल. तरी मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं फुटक्या बाटल्या, कुजलेली जाळी आणि मेलेली कुत्रीच पडताना पाहिली. ‘त्या वाटेन जाव नको गो, जागा वाईट आसा,’ असं सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

मी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. तिथं माझ्या बाजूला एक नवी बाई येऊन बसली. काळीभोर, कुरळ्या केसांची, हसरी. बायका आपसात कुजबुजल्या, हिच्याशी हिंदीत बोलायचं की इंग्रजीत? तेवढ्यात तिनंच मला विचारलं, “सुरी दुसरी आसा गो? हिका धार ना.”

टेबलावरच्या सगळ्याजणी खो खो हसल्या. तीही हसली. ती कर्नाटकातल्या यल्लापूरकडच्या जंगलातली सिद्दी होती आणि त्यांच्या घरात कोंकणीच बोलतात. दुपारच्या डब्याला ती सांगायची की त्यांचे पूर्वजही गोव्यातूनच पळालेले. काही घाट चढून रानात गेले. “आनी कांय उत्तरेक गेले म्हण्टात. ते खंय पावले, कोणाक खबर ना.”

माझा घास हातातच राहिला. मला खबर होती.

रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं आणि मग उतारावर घेऊन गेले. सगळीकडे घाणेरी माजली होती. मधूनमधून कबरींभोवतीच्या चिऱ्यांच्या चौकटी दिसत होत्या आणि त्यांवर गावाचा कचरा. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं चपला काढल्या, काचांमधून जपून पावलं टाकत एका चौकटीपाशी गेली आणि वरची प्लास्टिकची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग चिऱ्यावर हात ठेवून म्हणाली, “हीं आमचीं मनशां.”

त्याच सुमाराला पंचायतीनं तिथं कचऱ्याची शेड बांधायचं काढलं होतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय आला. मी तोवर सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उठून उभी राहिले.

“आपण भात खातंव तां त्या बांदाच्या जिवार,” मी म्हटलं. “तो बांद ज्यांनी घातल्यानी, त्यांच्याच माथ्यार आपण कचरो टाकतंव. ह्यां आपणाक शोभता?”

मागून एकजण ओरडला, “ते खंयच्या जातीचे, खंयच्या धर्माचे, कोणाक म्हायत आसा?”

सिद्दी बाई दाराशी बसली होती. ती उठली. “आमच्यांत हिंदू आसात, मुसलमान आसात, किरिस्तांव आसात,” ती म्हणाली. “बांद घालताना कोणें विचारलें?”

गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे आमचे म्हातारे मानकरी काठी टेकत उठले. सगळ्यांना वाटलं, ते आता मलाच गप्प करणार. “माझ्या बापाशीन बांदार नारळ ठेवताना पयलो त्यांका ठेवलो,” ते म्हणाले. “मीव ठेवतंय. नारळ बांदार आणि कचरो कबरीर, ह्यां माका आधीच बोलूक होयां होता. शेड दुसरीकडे करा.” सरपंचांनी हात वर करायला सांगितले. मघाशी ओरडलेल्यानंही केला, जरा उशिरानं, पण केला.

गणपती विसर्जन झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पहिल्या दिवशी आम्ही कारखान्यातल्या बायका आणि माझा नवरा, एवढेच. हळूहळू कोयते घेऊन सगळी वाडी आली. घाणेरी तोडली, काचा वेचल्या, ट्रॉल्या भरभरून कचरा हलवला. खाली झाकलेल्या चौकटी एकेक करून वर आल्या. काही लांब, काही अगदी आखूड. आखूड चौकटींपाशी बायका थांबायच्या, माती हातानंच सारखी करायच्या. ढासळलेले चिरे पुन्हा बसवले, भोवती दगडांचा बुटका गडगा घातला.

भात पिवळं झालं तेव्हा यल्लापूरहून टेम्पो ट्रॅव्हलर आला. त्यातून म्हातारी उतरली, तरणीताठी माणसं उतरली, कडेवरची पोरं उतरली आणि त्यांचा ढोल, एक मोठं डमाम, उतरलं. म्हातारी कारखान्यातल्या माझ्या शेजारणीची आजी. तिला आम्ही आधी बांधावरून चालवत नेलं. एका बाजूला भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेलं शेत. ती मधेच थांबली, दोन्हीकडे पाहत राहिली. “इतलें तांणीं केलें?” तिनं विचारलं.

“व्हय आजये, सगळां त्यांनीच,” मी म्हटलं.

तिनं पदर सारखा केला आणि उतारापर्यंत कुणाचा हात न धरता गेली. तिथं मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. “ज्यांनी समुद्र थोपवलो, त्यांचा नाव आमी इसारलंव. आजपासून ही जागा बांदकऱ्यांची. होय महाराजा?” सगळा गाव गरजला, “व्हय महाराजा!” यल्लापूरकरांना हे ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या खेपेला त्यांचाही आवाज आमच्यात मिसळला. मग डमाम वाजलं. लग्नानंतर मी फुगडीसुद्धा घातली नव्हती. त्या दिवशी आजीनं मनगट धरून ओढलं आणि मी अंबाडा सुटेपर्यंत नाचले. नवरा गडग्याशी उभा राहून हसत होता, मग तोही आत आला.

निघताना आजी मानकऱ्यांना म्हणाली, “आतां तुमी आमगेर येवंक जाय.” पुढच्या आठवड्यात आम्ही यल्लापूरला निघतोय. पंचायतीसमोर गाडी लागणार आहे आणि मानकऱ्यांनी ड्रायव्हरच्या शेजारची खिडकी आत्ताच अडवून ठेवली आहे.