इराण्याकडची खरवड

चांद्याला स्टेशनच्या रस्त्यावर एका इराण्याचं हॉटेल होतं. मी जंगल खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हाच ते तीसेक वर्षांचं झालं होतं. म्हातारा इराणी दारापाशीच निखाऱ्यांसमोर उभा राहून चपट्या सळयांवर खिम्याचे कबाब भाजायचा, आणि आत त्याची बायको भात शिजवायची. दोघंच. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या हॉटेलाविषयी गावात एकमत कधी झालं नाही. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, असा कबाब नागपुरातही मिळत नाही. एका मास्तरांना तिथला भात कायम कच्चा वाटायचा. सिरोंच्याकडून आलेले लोक आपल्या पिशवीतलं लाल लोणचं काढून कबाबाला फासायचे. लाकडाचा एक ठेकेदार दर शुक्रवारी यायचा, दोन घास खाऊन ताट मागं सरकवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "याच्यात तिखट कुठी हाय? आजाऱ्याचं जेवण हाय हे!" पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. म्हातारा कोणालाच उत्तर द्यायचा नाही. सळई फिरवत राहायचा.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मी बायकोला तिथं घेऊन गेलो. ती आरमोरीकडची, वैनगंगेत मासे धरणाऱ्या घरातली. आमचंही घर तसंच, फक्त आमची गुजराण तलावावर चालायची. हॉटेलात बाईमाणूस क्वचितच यायचं, म्हणून म्हाताऱ्यानं कोपऱ्यातल्या टेबलापुढचा पडदा ओढून दिला. ताट आलं. वाफाळता लांब भात, त्यावर लोण्याचा गोळा, शेजारी कबाब, आणि भाताच्या मधोमध अंड्याचा कच्चा पिवळा बलक.

तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे कच्चं हाय जी."

"तसंच खातात. भातात कालवायचं."

"तुमी खा. मले नाई जात हे. आन हा भात हाय का शेवया? एकाले एक दाना लागून नाई."

मला राग आला. मोठ्या हौसेनं आणलं होतं मी तिला. मी काहीतरी टाकून बोललो, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पडदा सरकवून म्हातारी इराणीणबाई आत आली. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत तांबडे. तिनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोचा हात धरून "आओ बेटी" म्हणाली आणि तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली.

पाऊण तासानं बायको बाहेर आली ती हसतच. घरी जाताना वाटेत थांबून तिनं मला सांगितलं, "तिनं मले भाताची खरवड देल्ली. लोण्यात तांबूस केलेली, अशी कुरकुरीत! आपल्याकडं खरवड बायांच्या वाट्याले येते, इथी पाव्हन्याले देतेत म्हने." एक आंबट लाल पूडही तिनं चाखली होती. ती पूड तिला आमच्या बोरकुटासारखी लागली.

त्यानंतर ती माझ्याशिवायही तिथं जाऊ लागली. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. इराणीणबाईची भाषा हैदराबादकडची तोडकीमोडकी हिंदी, हिची झाडीपट्टीतली मराठी. काय बोलायच्या कोण जाणे. हिनं तिला सुक्या झिंग्यांची चटणी शिकवली. पुढं हिला दिवस गेले आणि कसलंही अन्न पोटात ठरेना, तेव्हा फक्त तो शेवयांसारखा भात, लोणी आणि आंबट पूड एवढंच ठरायचं. म्हातारी रोज डबा भरून द्यायची.

सातव्या महिन्यात माझी अहेरीला बदली झाली. हिला माहेरी ठेवावं असं मी म्हणालो, पण ती ऐकेना. "तुमाले कोन रांधून देईन?" म्हणाली. निघताना इराणीणबाईनं तिचं कपाळ चुंबलं आणि मला बजावलं, "बच्चा होने के बाद पहले इधर लाना."

भर पावसाळ्यात, दिवस पुरे व्हायच्या आत हिला कळा सुरू झाल्या. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, माझ्या हातचं नाही, चांद्याला न्या. आम्ही तिला बैलगाडीत घातलं आणि आष्टीच्या घाटावर आलो. पलीकडं जायला नावेशिवाय दुसरा उपाय नव्हता. वैनगंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती. झाडंच्या झाडं वाहून चालली होती. नावाडी हात जोडून म्हणाला, "भाऊ, आज नाई."

मी त्याच्या हातापाया पडलो, शिव्याही दिल्या. गाडीतून हिनं मला हाक मारली. कोपरावर थोडी उठून ती पाण्याकडं पाहत होती.

"त्याले काऊन बोलून राह्यले? हे पानी उद्यापर्यंत उतरत नाई. मले मालूम हाय."

तिला खरंच मालूम होतं. ती त्याच नदीवर वाढली होती. दुपार कलता कलता घाटावरच्या छपरीत तिला मुलगी झाली. मुलगी रडली नाही. त्यानंतर तासाभरात हीही गेली. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं.

दिवाळीनंतर मला पुन्हा चांद्याला पाठवलं. पंधरा दिवस मी स्टेशनचा रस्ता टाळला. हिचं काय झालं ते कचेरीतही कोणाला सांगितलं नाही. मग एकदा हेडक्लार्कांनी हाताला धरून नेलं आणि स्वतः दारातूनच कोणाच्या तरी कामाला निघून गेले. मला पाहताच इराणीणबाई ओले हात घेऊन धावत बाहेर आली.

"बेटी कैसी है? बच्चा?"

सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. तिचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मुलगी झाली. माहेरी आहेत दोघी. आरमोरीला."

तिनं दोन्ही हात वर केले आणि आपल्या भाषेत म्हाताऱ्याला ओरडून सांगितलं. म्हाताऱ्यानं सळई खाली ठेवून माझ्याशी हात मिळवला.

पुढच्या खेपेला सांगू असं मी ठरवलं. पण दर खेपेला ती आधीच विचारायची. दूध नीट पिते का? केस कोणासारखे? मी सांगत गेलो. केस आईसारखे, दाट. रात्रीची झोपते. आता कुशीवर वळते. खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटायचं. सबंध चांद्यात त्या एका जागी माझी बायको जिवंत होती आणि मुलगी अंगानं भरत होती. निघताना म्हातारी कागदात खरवडीची पुडी बांधून द्यायची, "बेटी को भेजो." मी ती खोलीवर नेऊन खाटेवर बसून स्वतःच खायचो. टाकवत नव्हती. एकदा तिनं स्वतः शिवलेलं पांढरं झबलं दिलं. ते मी ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं.

असे पाच-सहा महिने गेले. मग एका शुक्रवारी, जेवणाच्या ऐन गर्दीत, ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. नवा रुमाल बांधला होता. म्हणाली, तीस वर्षांत आम्ही दुकान बंद ठेवून कुठं गेलो नाही. परवा दोघं मोटारीनं आरमोरीला जाणार. पोरीला पाहून येणार. "तुम भी चलो. घर दिखाओ."

आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. मी ताटाकडं पाहत सांगितलं, "बाई, कोणीच नाही तिथं. दोघी पावसाळ्यातच गेल्या."

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. "कहाँ गई?" म्हणाली. मग समजलं. तिनं माझ्या छातीवर मूठ मारली. एकदा, दोनदा. लोक वळून पाहू लागले.

"बरसात में? बरसात में मरी? और मैं इधर हँसती थी? सब को बोलती थी मेरी बेटी को लड़की हुई! मेरे को रोने क्यों नहीं दिया?"

मी फक्त माझ्याच दुःखाचा विचार केला होता. तिचंही कोणी गेलं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिच्या वाट्याचं रडणं मी सहा महिने दाबून ठेवलं होतं.

ती आत गेली आणि तिचं रडणं बाहेर ऐकू येऊ लागलं. म्हातारा सळया तशाच सोडून आत गेला. कबाब जळायला लागले. धूर झाला. ठेकेदारानं ताट वाजवलं. "हे काय चालून राह्यलं? भात कुठी हाय? पैले तिखट नाई, आता जेवनच नाई!"

म्हातारा बाहेर आला. त्याला गिऱ्हाइकाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "सेठ, माफ करो. आज हमारे घर में मौत हुई है."

ठेकेदार उठला, निखाऱ्यांपाशी गेला आणि जळत्या सळया एकेक करून काढून बाजूला ठेवू लागला. कोणी जेवण मागितलं नाही. सगळे एकेक करून हात धुऊन निघून गेले. मी तिथंच बसून राहिलो.

नंतर मी तिथं गेलो, पण म्हातारी बाहेर यायची नाही. महिन्याभरानं एका दुपारी तिनं मला आत बोलावलं आणि सगळं विचारून घेतलं. छपरी कशी होती, जवळ कोण बाई होती, लुगडं कोणतं होतं, मुलीला कुठं पुरलं. मी सांगितलं. तोवर ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या आईलाही नाही. ती तांदूळ निवडत ऐकत होती, आणि मधेच हात थांबायचा.

दोन वर्षांनी घरच्यांनी माझं दुसरं लग्न लावून दिलं. दुसरी बायको भली निघाली, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तेव्हा मी आलापल्लीला होतो. हेडक्लार्कांच्या हाती इराणीणबाईचा निरोप आला, नव्या नवरीला घेऊन ये, मी तिला पाहीन. मी गेलो नाही. चांद्याला कामानं तीन-चारदा जाणं झालं, तेव्हाही मागच्या रस्त्यानं गेलो. त्या निरोपाला काय उत्तर धाडलं ते आज आठवत नाही. बहुतेक काहीच धाडलं नसावं.