ओहोटी काढून टाकली

दत्ताराम नाचणकर एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळून निवृत्त झाले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने एक गेम बनवला होता, 'खाडी'. होडीत माल भरून घोडबंदरपर्यंत न्यायचा, एवढाच खेळ. पण त्यातली ओहोटी अस्सल होती. वेळ चुकली की होडी चिखलात रुतायची आणि पुढच्या भरतीपर्यंत गप्प बसावं लागायचं. त्यासाठी ते वर्षभर दर रविवारी खाडीवर जाऊन पाणी बघत उभे राहिले होते.

गेमचे हक्क त्यांनी तेव्हाच विकून टाकले होते. यंदा घराजवळच्या हाटकेश भागातल्या एका छोट्या कंपनीने तो नव्या इंजिनवर पुन्हा बनवायला घेतला आणि दाखवायला त्यांना मुद्दाम बोलावलं.

पाणी झकास दिसत होतं. तिवरांची सावलीसुद्धा हलत होती. दत्ताराम होडी मुद्दाम काठाकडे घेऊन गेले. होडी अडली नाही, सरळ पुढे गेली.

"ओहोटी कुठाय?"

"काढली, सर," मालक अभिनव म्हणाला. "होडी रुतली की लोक वैतागून गेम डिलीट करतात."

"वैतागलेच पाहिजेत! खाडी आहे ती, स्विमिंग पूल नाही!"

गेमचं कोडिंग करणारी मनाली मध्ये पडली. "काका, आपण सेटिंगमध्ये ऑप्शन देऊया ना. ज्याला हवी तो ओहोटी ऑन करेल."

दत्ताराम ताडकन उठले. "ओहोटी काय पंखा आहे, बटण दाबून लावायला? माझं नाव काढा यातून. आत्ताच्या आत्ता."

"ओके सर," अभिनव लगेच म्हणाला.

त्याने एकदाही आग्रह केला नाही. घरापर्यंत चालत येताना दत्तारामांना तेच जास्त लागलं. बायकोने, उर्मिलाने, "काय झालं?" विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

तिसऱ्या दिवशी मनालीचा फोन आला. त्यांनी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलून ओरडले, "काय आहे?"

"काका, माझी होडी नीट रुततच नाहीये. एकदम थांबते, ब्रेक मारल्यासारखी."

दत्तारामांचा आवाज आणखी चढला. "एकदम कशी थांबेल? आधी जड होते, मग नाक वळतं, मग बुड टेकतं! कधी होडीत बसलीयस का? लिहून घे. आणि मध्ये बोलू नकोस."

तासभर ते तिला झापत होते, आणि ती लिहून घेत होती.

गेम आला तेव्हा ओहोटी सेटिंगमध्येच होती, बंद. दत्तारामांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांचा राग अजून गेलेला नाही.