आधी तरुण, मग म्हातारे

माझ्या विद्यार्थिनीला मी एप्रिल संपेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर तिचे आकडे माझ्या पेपरशी जुळले नाहीत, तर तिनं पीएचडी सोडून सरळ घरी जावं, असं मी तिला चारचौघांत सुनावलं होतं. माझा स्वभाव असाच आहे. आवाज चढतो, आणि एकदा चढला की उतरवायचा कसा ते मला कळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात माझ्या केबिनमध्ये कूलर असूनही एकही पोरगं तिथं टेकत नाही, यावरून काय ते समजावं.

तो पेपर म्हणजे माझी आयुष्याची कमाई होती. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. खाल्लेल्या अन्नातून, घेतलेल्या श्वासातून शरीराला लागणारी ऊर्जा ते तयार करतात. वय वाढलं की त्यांचं काम मंदावतं, हे लोक म्हणतच होते. मी ते उंदरांच्या मांडीच्या स्नायूंवर मोजलं, आणि कोणी धरलं नव्हतं इतकं ते मंदावतं असं छापलं. परदेशातून पत्रं आली, व्याख्यानांची बोलावणी आली. नंदनवनात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांपुढेही मी बोलले. एका काकांनी विचारलं, मग रोज सकाळी फिरायला जाऊन काही उपयोग आहे का? जा, पण फार आशा ठेवू नका, असं मी हसत हसत म्हणाले. त्यांनी फिरणं सोडलं, हे पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं, तेव्हाही मी हसलेच होते.

विद्यार्थिनी हुडकेश्वरला भावाकडे राहायची. घरी शेती, आणि एवढं शिकलेली घरातली पहिलीच. म्हाताऱ्या उंदरांना व्यायाम दिला तर त्यांचे मायटोकॉन्ड्रिया सुधारतात का, हा तिचा विषय. पण त्याआधी माझाच प्रयोग तिनं जसाच्या तसा करून दाखवायचा होता. तिथंच सगळं अडलं. तिचे म्हातारे उंदीर तरुणांच्या बरोबरीला येत होते. एकदा तर पुढेच निघून गेले.

मी तिला काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. तुझे हात शेणात घालायच्या लायकीचे आहेत, इथपर्यंत गेले. ती मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग लावायची. अडीच महिने हे चाललं. मार्चच्या शेवटी मात्र आकडे अचानक जुळायला लागले. तरुण जोरात, म्हातारे मंद, अगदी माझ्या पेपरसारखे. मी खूश होऊन सगळ्यांना समोसे मागवले. तिनं समोशाला हात लावला नाही.

"मॅडम, मी काहीच बदललं नाही," ती म्हणाली. "आधी जसं करत होते तसंच करून राहिली आहे. मग आता कसं जुळतंय?"

हात बसला असेल, डोकं नको खाऊ, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. दुपारी तिची वही घेऊन बसले. तिनं प्रत्येक तारीख, प्रत्येक वेळ नीट लिहून ठेवली होती. न जुळलेले दिवस कुठून कुठपर्यंत आहेत ते पाहिलं. ते सगळे दिवस प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे आमच्या प्राणिघराचे मामा रजेवर असतानाचे होते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी रजा घेतली होती. ते परत आले त्याच आठवड्यापासून आकडे जुळायला लागले होते.

प्रयोग कसा चालतो ते इथं सांगायला हवं. एका दिवशी सहा उंदीर घ्यायचे, तीन तरुण, तीन म्हातारे. त्यांना मारून त्यांच्या स्नायूंतून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे. त्या सहा नळ्या एकदमच तयार होतात आणि बर्फात ठेवतात. पुढे त्या किती वेगानं ऑक्सिजन वापरतात ते मशीनवर मोजायचं. पण मशीन एकच, आणि त्यात एका वेळी एकच नळी बसते. सहाव्या नळीची पाळी येईपर्यंत तीन तास जातात. नळ्यांना नंबर पडतात ते पिंजरे ज्या क्रमानं आले त्या क्रमानं, मोजणीही त्याच नंबरानं, आणि पिंजरे मामा आणतात. मामा रजेवर असताना ही पोरगी स्वतःच पिंजरे आणत होती. म्हाताऱ्यांचे पिंजरे दाराजवळ, म्हणून तेच आधी.

मी प्राणिघरात गेले. मामा पिंजऱ्यांत भुसा घालत होते. तुम्ही उंदीर कुठल्या क्रमानं आणता, असं मी विचारलं. माझा आवाज इतका हळू निघाला की त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"आधी तरणे, मंग बुढे," ते म्हणाले. "दोन-दोन वर्सं चारलं मॅडम म्या त्यायले. सकायी आल्या आल्या त्यायलेच कसं धरू? नव्यायले आधी देतो. तेवढाच घंटाभर अजून जगतेत ते."

नेहमीच असं करता का, मी विचारलं. नेहमीच, ते म्हणाले. तुमच्या त्या पेपरच्या वेळेपासून. मग नजर पिंजऱ्यावरच ठेवून म्हणाले, "म्या इचारलं होतं तुमाले, पयल्याच दिवशी. कोनाले आधी आनू म्हनून. तुमी म्हनल्या, कोणालाही आणा, मला काय फरक पडतो."

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसंच म्हणाले असणार, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. वाक्य माझंच होतं.

म्हणजे माझ्या पेपरातली प्रत्येक म्हातारी नळी बर्फात तास तास ताटकळून मग मशीनवर गेली होती. आणि वेळ जाईल तसे मायटोकॉन्ड्रिया बर्फातही मंदावतात. मी म्हातारपण मोजलं होतं की नुसतं ताटकळणं, हे मलाच माहीत नव्हतं. विभागप्रमुखांना सांगितलं तर ते म्हणाले, पेपर छापून चार वर्षं झाली, कोणी विचारलंय का? तुमच्या प्रमोशनची मुलाखत तोंडावर आहे, ती होऊन जाऊ द्या. आणि सांगायचंच झालं तर प्राणिघराच्या माणसानं चूक केली म्हणा. मी उठून आले. पहिल्यांदाच त्यांच्या खोलीतून आवाज न चढवता आले, आणि खरं सांगते, त्यांचं ऐकावं असं मला वाटत होतं. दोन दिवस मी ते मनात घोळवलं. पण न ऐकावं तर पेपर जातो आणि ऐकावं तर या पोरीचे अडीच महिन्यांचे आकडे खोटे ठरतात.

शेवटी तिला बोलावून मी सगळं सांगितलं, आणि आम्ही प्रयोग नव्यानं लावला. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. चिठ्ठ्या आणि यादी तिच्याकडे, मशीनवर मी, आणि कुठली नळी कोणाची ते मला कळू द्यायचं नाही. चार दिवस हे केलं. एका दिवशी पहिल्या तिन्ही चिठ्ठ्या म्हाताऱ्यांच्या निघाल्या, हे तिनं मला नंतर सांगितलं. मामांनी पिंजरे आणून ठेवले आणि ते बाहेर निघून गेले.

त्या चार दिवसांत माझं जेवण म्हणजे दुपारचा डबा तेवढा. पडद्यावरची ऑक्सिजनची रेघ खाली उतरताना बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, हा म्हातारा, हा तरुण. माझी खात्री असायची. बाहेर ऊन मी म्हणत होतं, थर्माकोलच्या डब्यातला बर्फ दर अर्ध्या तासानं बदलावा लागत होता, आणि ती पोरगी माझ्या पाठीमागे उभी राहून नळी पुढे करत होती. तिला सगळं माहीत होतं आणि मला काहीच नव्हतं. चेहऱ्यावरून ओळखावं म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. तिनं थांग लागू दिला नाही.

चौथ्या दिवशी चार वाजता यादी उघडली. माझे अंदाज निम्म्याहून जास्त चुकले होते. शेवटी वाचलेल्या नळ्या मंद होत्या, मग त्या कोणाच्याही असोत. वयानं पडणारा फरक होता, पण इतका बारीक की त्यावर पेपर तर सोडाच, नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावतानाही दोनदा विचार करावा.

त्याच संध्याकाळी मी नियतकालिकाला पत्र लिहिलं. क्रम ठरवणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही, म्हणून निष्कर्ष मागे घेते, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मामांचा उल्लेख केला नाही. दुसऱ्या दिवशी पत्र तिला वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं, एक तारीख चुकली होती ती दाखवली, आणि म्हणाली, पत्र बरोबर आहे.

मला वाटलं, संपलं. आता तिच्या विषयाला लागू, नव्यानं, नीट. तेवढ्यात तिनं फाइलीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गाइड बदलण्याचा अर्ज होता. तारीख मार्चमधली, म्हणजे आकडे जुळायच्याही आधीची.

"मी तेव्हाच भरला होता, मॅडम," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या सरांनी हो म्हटलंय. तुमची सही पाहिजे."

मी म्हणाले, अगं, तूच बरोबर होतीस, आता कशाला? ती म्हणाली, बरोबर आहे हे मला आधीपण वाटत होतं. पण तुम्ही बोलायच्या तेव्हा मला माझ्या हातांचीच भीती वाटायला लागली होती. अजून वाटते.

मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली आणि पेन पुढे केलं. अर्जात कारण लिहायची एक ओळ होती, ती तिनं कोरी ठेवली होती. मी त्या ओळीवर लिहिलं, विद्यार्थिनीची निरीक्षणं बरोबर होती, मार्गदर्शकानं ती ऐकली नाहीत. मग खाली सही करून कागद तिला दिला.