दातांच्या तारेचा राखणदार

"उजेडाकडे तोंड कर बघू," असं म्हणत ते डोळ्याला भिंग लावायचे. समोर नथ असो, पाटली असो की माझे दात असोत, वाक्य तेच. नथीला तोंड कुठलं, असं तुम्ही विचाराल. पण ते दागिन्यालाही हेच सांगत आणि मग आपणच त्याला वळवून उजेडाकडे धरीत.

रत्नागिरीत आमच्या शेजारीच ते राहत. घराच्या पडवीतच त्यांचं सोनारकामाचं दुकान. सारी आळी त्यांना सोनारकाका म्हणे.

मी तेव्हा अकरा वर्षांची. वरचे दात इतके पुढे आलेले की ओठ मिटत नसत. माझा मामा मुंबईला एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होता. डॉक्टर विलायतेहून नवीनच काही शिकून आले होते. मामाच्या आग्रहाने वडील मला बोटीने मुंबईला घेऊन गेले आणि परत आले ते माझं तोंड तारांनी बांधूनच. मागच्या दाढांना कड्या, दातांपुढून एक जाड तार आणि तिला एकेक दात बारीक तारेने आवळलेला. आमच्या गावात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं.

"जेवणानंतर दर वेळी ब्रशने दात घासायचे, आणि कडक, चिकट काही खायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "दात सरळ झाले आणि किडले, तर काय उपयोग?"

ब्रश त्यांनीच दिला होता. पण त्याचे केस डुकराचे असतात, हे मामाने बोलता बोलता पत्रात लिहिलं आणि आईने तो ब्रश चिमट्यात धरून परड्यात नेऊन पुरला. मग बोटाने राखुंडी लावणं आलं. राखुंडी तारांत जाऊन बसली ती निघेना. आठ दिवसांत हिरड्या सुजल्या. शेवटी आई मला घेऊन शेजारी गेली. तारेचं काम म्हणजे सोनाराचं, एवढाच तिचा हिशोब.

काकांनी भिंगातून पाहिलं. "नथीच्या खाचेत मळ बसतो तसा बसलाय," ते म्हणाले. "नथ काय कोणी बोटाने साफ करतं, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कुंचली दिली. सुपारीच्या सालीचे धागे भिजवून, ठेचून मऊ केलेले आणि बांबूच्या काडीला बांधलेले. कशी फिरवायची तेही शिकवलं. "वरून खाली. आडवी ओढायची नाही. भांडी घासतेस काय गो, हळू!" तेव्हापासून रोज जेवण झालं की मी कुंचली फिरवायची आणि पडवीत जाऊन तोंड दाखवायचं. भाताचं शीत सापडलं की ते आनंदाने ओरडत, "सापडला चोर!"

शाळेत मात्र माझे हाल होते. मी तोंड उघडलं की मुली ओरडत, "तार आली, तार आली!" त्या काळी पोस्टातून तार आली म्हटलं की कोण गेलं म्हणून घरोघर धस्स व्हायचं. मी मोठ्याने वाचणं सोडलं, हसणं सोडलं. काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "सांग त्यांना, मुंबईची तार आहे. वाचायला इंग्रजी लागतं."

श्रावणात मी मैत्रिणीकडे निखाऱ्यावर भाजलेल्या आठळ्या खाल्ल्या. फणसाच्या आठळ्या पावसात खाल्ल्या नाहीत तर कोकणात राहायचं कशाला? पण तिसऱ्याच आठळीला कट्ट झालं. एक बारीक तार तुटली आणि तिचं टोक गालात घुसलं.

"काही खाल्लं नाही," मी घरी रडत सांगितलं.

पावसाळ्यात बोटी बंद. मुंबई गाठायला अजून महिना तरी लागणार. गाल सुजला, जेवण सुटलं. आई म्हणाली, "भावजी, कापून टाका ती बेडी. वाकडे तर वाकडे दात."

काकांनी मला उजेडात बसवलं, बराच वेळ पाहिलं आणि एक काळं साल चिमट्याने काढून मुठीत लपवलं. आईला काही बोलले नाहीत. माझ्या कानाशी येऊन फक्त विचारलं, "कोणाच्या घरच्या आठळ्या गो?"

मग घुसलेलं टोक तेवढं वाकवून ते आईला म्हणाले, "आठ महिने सोसलंय पोरीने. काढायची नाही. दोन दिवस द्या मला."

त्या दोन दिवसांत त्यांनी काय करावं? सोन्याची तार ओढून केसासारखी बारीक केली आणि आधी स्वतःच्याच दातांना बांधली. तंबाखूने त्यांचे खालचे चारच दात उरले होते. चारी दात बांधून ते आळीभर हिंडले, माशाचं कालवण जेवले, गाठ जिभेला टोचते का पाहिलं, सोडून पुन्हा बांधली. आळीतली पोरं मागे धावू लागली, "काकांना तार आली!" काका थांबून, ओठ फाकवून सगळ्यांना दाखवीत. काकी कपाळाला हात लावून बसल्या.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी. "दुखलं तर बोट चाव माझं," ते म्हणाले. मी चावलं नाही. गाठ बसली तेव्हा घाम मात्र त्यांना आला होता.

बोटी सुरू झाल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी ती गाठ पाहिली. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मामाने सांगितलं. डॉक्टर हसले आणि पुढच्या वर्षी साऱ्या तारा काढेपर्यंत त्यांनी बाकीचं सगळं बदललं, पण त्या गाठीला हात लावला नाही.

पुढे माझं लग्न झालं. काकांची दृष्टी गेली आणि ते काकींसह केळशीला लेकीकडे राहायला गेले. एकदा मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. अंगणात, माडाखाली बाजेवर बसले होते. मी पाया पडले, नाव सांगितलं. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला.

"कसे बसलेत गो दात?"

"एका रांगेत, काका."

"मला आता दिसत नाही. जरा हस बघू मोठ्याने."

असं सांगितल्यावर कोणाला हसू येतं? पण काकीच आधी फिसकन हसल्या, मग मला आवरेना. काका मान एका बाजूला करून, डोळे मिटून ऐकत राहिले. त्याच वर्षी ते गेले. माझ्या डोळ्यांपुढे ते अजून तसेच आहेत, माडाच्या सावलीत, माझं हसणं कान देऊन ऐकणारे.