मागे राहिलेला

नदीकाठच्या पायवाटेवर आमचा कुत्रा मोत्या सतत मागे पळत होता. पुढे मी, बायको आणि छोट्या पॉमेरेनियन कुत्र्याला कडेवर घेतलेली मुलगी. बरंच मागे, गुडघा धरून चालणारा माझा थोरला भाऊ. मोत्या त्याचा हात हुंगून यायचा, आम्हाला गाठायचा आणि पुन्हा त्याच्याकडे धावायचा.

मोत्या मी एका मेंढपाळाकडून घेतला. "मागं राहिल्याली मेंढी ह्यो सोडत न्हाई, मालक," तो कौतुकानं म्हणाला होता. मी तीच खोड ठरवून भाव पाडला.

"अहो, भाऊजींसाठी थांबा ना जरा."

"वाट सरळ आहे. येईल."

मी पहिल्यांदा शहरात आलो, तेव्हा याच भावानं दारातूनच सांगितलं होतं, "इथे जागा नाही. तुझं तू बघ." माझं मी बघितलं.

कुत्र्याला माणसं मोजता येतात, पण त्यांनी काय केलं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून दया त्याला स्वस्त पडते.

मोत्या पुन्हा वळला, तेव्हा मी त्याला साखळी लावली. मागून हाक आली, "बाळू, थांब रे जरा!" नदी संथ होती, हाक स्वच्छ ऐकू आली.

वाटेच्या टोकाच्या फाटकापर्यंत मोत्या मागेच ओढत राहिला. पट्टा गळ्यात रुतला, तरी पुढे बघेना. मी साखळीचा आणखी एक वेढा हाताला घेतला. घासाघिशीत जो आधी थांबतो, तो हरतो.