उमरेडच्या अंगणात सईचा प्रश्न

साताऱ्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून नवऱ्याला असा काही हात केला, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई सातासमुद्रापार निघाली. प्रत्यक्षात मी नागपूरला निघाले होते, भाषण करायला. विषय होता, 'मुलींना बोलतं कसं करावं'. गेली काही वर्षं मी गावोगाव किस्से सांगत फिरते. महिला मंडळ असो, शाळेचं संमेलन असो, सोसायटीचा गणपती असो, मला उभं करा, मी तासभर हसवते. आणि हा विषय तर हातखंड्याचा, कारण पुराव्यादाखल घरात एक मुलगी आहे. सई, वय तेरा. या वेळी पुरावा सोबत घेतला होता.

पुरावा समोरच्या बाकावर मुंग्यांवरचं पुस्तक वाचत बसला होता. कर्तबगार बायकांची चरित्रं मी बॅगेत भरून आणली होती, ती बॅगेतच होती. शेजारच्या काकांनी सईला विचारलं, कितवीत गं तू? आता सईची एक सवय आहे. काही विचारलं की ती आधी थांबते. विहिरीत पोहरा सोडल्यावर तो पाण्याला लागेपर्यंत माणूस थांबतो, तशी. एवढा वेळ कोणाला असतो? मीच सांगितलं, आठवीत. पुढे तिला काय आवडतं, मोठेपणी ती काय होणार, तेही मीच सांगितलं. अकोल्याला उतरताना काका म्हणाले, तुमची मुलगी फार चुणचुणीत आहे हो. तिचा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. मी मात्र अभिमानाने मान डोलावली.

नागपूरला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं आणि हवेत कानाला झोंबणारी थंडी होती. मेश्रामबाई न्यायला आल्या होत्या. या निवृत्त शिक्षिका, भाषणाला मला यांनीच बोलावलं होतं. प्रताप नगरात स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मुलींसाठी वाचनखोली चालवली आहे. खोलीतली कपाटं मुलींच्या खांद्याएवढीच उंच. पुस्तक जिचं तिने निवडायचं, सोबतच्या मोठ्या माणसाने कपाटाला हातही लावायचा नाही, असा नियम. मी सवयीने एक चरित्र काढून सईच्या हातात द्यायला गेले, तर बाईंनी ते हसत माझ्या हातून घेतलं आणि जागेवर ठेवलं. हा प्रवासातला पहिला इशारा. मी तो गोड मानून सोडून दिला.

आम्ही दोन दिवस आधी आलो होतो, त्याला कारण होतं. बाईंची एक रीत आहे. दर महिन्याला मुली एसटीने जाता येईल अशा अंतरावरच्या एका बाईला भेटायला जातात. पुस्तकातल्या थोर बायका पुस्तकात असतातच, पण जिच्या घरी जाऊन पाणी पिता येतं अशीही एक माहीत हवी, असं बाईंचं म्हणणं. तिथे प्रत्येक मुलीने एकच प्रश्न विचारायचा, उत्तर आपल्या शब्दांत पानभर लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सभेत वाचायचं. बाईंनी पत्रात या महिन्यातल्या बाईच्या कामाचं, घरादाराचं लिहून पुढे म्हटलं होतं, सईलाही येऊ द्या. ते पत्र सईने दोनदा वाचलं आणि पुढचे तीन आठवडे ती वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत नि खोडत होती. मी म्हटलं, दाखव, मी नीट करून देते. ती म्हणाली, नको, तिथेच विचारीन.

हे साधं वाक्य नव्हतं. शाळेच्या संमेलनात सई दोनदा माईकपर्यंत गेली होती आणि दोन्ही वेळा एक शब्द न बोलता परत आली होती. दुसऱ्या वेळी तर तिने माईकला नमस्कार केला होता. तो नमस्कार मी गावोगाव करून दाखवते. हमखास टाळी पडते.

सकाळी कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा. वाढणाऱ्याने बजावलं होतं, आधी थोडी घ्या. मी सातारची, मला काय तिखट शिकवता, म्हणत वाटी उपडी केली आणि पुढची पंधरा मिनिटं उचक्या देत रस्त्यावर उभी होते. मुली पोट धरून हसल्या. सईसुद्धा. तिथवर सगळं छान होतं.

उमरेडच्या बसमध्ये चढण्यापूर्वी बाईंनी मोठ्या माणसांना एकेक संत्रागोळी दिली. मोठी म्हणजे मी आणि एका मुलीचे वडील. तिथे पोचलं की ही तोंडात धरायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही आणि चावायची तर मुळीच नाही. मला वाटलं गंमत आहे. मग बसमध्ये बाईंनी त्यामागची हकिगत सांगितली. त्यांचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, वडील गिरणीत कामाला. संध्याकाळी आले की ते तोंडात सुपारी धरून बसायचे आणि लेकीने पेपर वाचून दाखवायचा. ती चुकली की सांगायला ते सुपारी गालात सरकवायला लागायचे, तोवर ही पुढच्या ओळीवर गेलेली असायची. "माहे बाबा फार थोर होते असं नाही," बाई म्हणाल्या. "त्या सुपारीनं मले शिकवलं." मुलींना सुपारीचा वास नको म्हणून पुढे गोळी आली.

बाहेर तुरीची शेतं, मधूनच धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, आणि उमरेड जवळ आलं तसे लांबवर काळपट मातीचे सपाट डोक्याचे डोंगर. सईने ते कसले म्हणून विचारायला तोंड उघडलं असावं. कोळशाच्या खाणीतून उपसलेली माती, असं मी तिला आधीच सांगून टाकलं.

ज्यांना भेटायचं होतं त्या रेखाताई याच खाणीत डंपर चालवतात. नवरा आजारात गेला, त्याच्या जागी नोकरी मिळाली, आणि काम मिळालं ऑफिसात पाणी भरायचं. दोन वर्षं त्यांनी पाणी भरलं आणि मग साहेबाला म्हणाल्या, मले डंपर शिकवा. "साहेब हसला," रेखाताई सांगत होत्या. "मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तो पुन्हा हसला. महिनाभर हसला, मग थकला."

त्यांच्या अंगणात सतरंजीवर सात मुली बसल्या होत्या, मागे खुर्च्यांवर आम्ही दोघं तोंडात गोळ्या धरून. प्राची नावाच्या मुलीने विचारलं, पहिल्या दिवशी डब्यात काय नेलं होतं? रेखाताई खळखळून हसल्या. भेंडी नेली होती, पण भीतीने डबा उघडलाच नाही, तसाच वापस आणला. काय प्रश्न होता! माझ्या जिभेवर दाद आली होती, पण गोळी होती.

मग सईची पाळी आली. ती उभी राहिली. वही उघडली. "तुम्हाला..." म्हणाली आणि थांबली.

शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. सई वहीत बघत होती. मुली गप्प होत्या, त्यांना सवय होती. रेखाताई गुडघ्यावर हात ठेवून निवांत बसल्या होत्या, जणू दिवसभर बसायची तयारी आहे. सगळ्या अंगणात घाई फक्त मला होती. मला ते संमेलन दिसायला लागलं, तो माईक, तो नमस्कार. मनाशी म्हटलं, लेकरू पुन्हा बुडतंय.

कडक्, असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी गोळी चावली होती.

"तिला म्हणायचंय," मी म्हटलं, "एवढं मोठं धूड पहिल्यांदा चालवताना भीती नाही का वाटली?" आणि हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. शेजारचे वडील हसले. मीही हसले.

रेखाताईंनी माझा मान राखून पुरतं उत्तर दिलं. सईने वही मिटली आणि खाली बसली. एका मुलीला एक प्रश्न. बाईंनी यादीत तिच्या नावापुढे खूण केली. मग उठून आल्या आणि माझ्या तळहातावर दुसरी गोळी ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना रेखाताईंनी पुडाची वडी खायला घातली. बेसनाच्या पापुद्र्यात सांबाराचं (म्हणजे इकडे कोथिंबिरीचं) सारण गच्च भरलेलं, वर कुरकुरीत, आत ओलसर. मी चार खाल्ल्या. सईने एक खाल्ली, तीही अर्धी ठेवली.

परतीच्या बसमध्ये प्राची माझ्याशेजारी येऊन बसली. बाराएक वर्षांची पोर, दोन वेण्या. ती म्हणाली, "काकू, तिले खरंच भीतीचंच विचारायचं होतं का?"

मी "हो तर" म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीतच नाही. तीन आठवडे ती काय लिहीत होती, काय खोडत होती, मला माहीत नव्हतं. मी माझाच प्रश्न तिच्या नावावर खपवला होता.

"मग तुमी काहून बोलल्या?" प्राचीने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. हजार माणसांसमोर उभी राहणारी मी, दोन वेण्यांपुढे खिडकीबाहेर बघायला लागले.

नागपुरात उतरल्यावर मी सईला गाठलं. तुझा प्रश्न काय होता गं? ती थांबली. या वेळी मी खरोखर थांबले. "आता काय उपयोग," ती म्हणाली आणि बाईंच्या मागून चालायला लागली.

मुक्काम बाईंकडेच होता; दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला तरी सई दिसेना. जिना चढू लागले तर वरून तिचा आवाज आला. गच्चीवर बाईंचा फोन कानाला लावून ती उभी होती. "तुम्हाला मुलगी आहे ना..." एवढं ऐकू आलं. मग तिची ती लांब शांतता. मी उलट्या पावली खाली आले. यात माझा मोठेपणा समजू नका. चौथ्या पायरीवर मी आधी पुरतं एक मिनिट कान देऊन उभी होते, काही ऐकू येईना म्हणून उतरले.

सभेला खोली भरली होती, दारातही माणसं उभी होती. आधी मुलींचं वाचन, मग माझं भाषण. मी पहिल्या रांगेत, तोंडात गोळी. सई सर्वांत शेवटी उठली. ती थांबली, इतकी की मागे कोणीतरी खाकरलं. मग तिने वाचलं.

"मी रेखाताईंना विचारलं, तुम्हाला मुलगी आहे. तिला तुमच्यासारखं व्हायचं नसेल, तर तुम्हाला चालेल का?"

पुढचं उत्तर तिने रेखाताईंच्याच बोलीत उतरवलं होतं. "माही पोरगी स्कूटी बी चालवत नाही, तिले भेव लागते. मी लय मागं लागली. मी डंपर चालवतो नं, मंग तुले काय झालं? ती रडे. एक दिवस म्हणाली, आई, तू माह्याशी नाही बोलत, तू डंपरवरूनच बोलून राहिली. मंग मी खाली उतरली. आता तिचं शिवणाचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी मी जातो, काजं करून देतो. चालते का म्हणशील तर, रोज थोडं थोडं चालून राहिलं."

सई खाली बसली. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही.

मग माझं नाव पुकारलं. भाषणाची सुरुवात ठरलेली होती, संमेलनातला नमस्कार. मी माईकपाशी गेले, पण हात काही जुळेनात. शेवटी उमरेडला काय केलं ते सांगितलं. आवाज न काढता, नकला न करता सांगायचं ठरवलं होतं. तरी 'कडक्' म्हटल्यावर मी टाळीसाठी क्षणभर थांबलेच, आणि टाळी पडलीही. ती ऐकून तोंड लपवावंसं वाटलं. सात मिनिटांत बसले. बाईंनी माझ्यासाठी तासभर राखून ठेवला होता.

परतीच्या गाडीत वर्धा यायच्या आधी मी सईला म्हटलं, तो संमेलनाचा किस्सा मी आता कुठे सांगणार नाही. ती मुंग्यांचं पुस्तक मांडीवर ठेवून विचार करत राहिली.

"लोक खूप हसतात त्याला," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "मी पण हसते. म्हणजे मला हसावं लागतं."

मला वाटत होतं मी या पोरीला धीट करतेय. प्रोत्साहन दिलं, चरित्रं आणली, आणि आदर्श म्हणून रोज तिच्यासमोर मी स्वतःच उभी होते, चोवीस तास, मोठ्या आवाजात. तिच्यासारख्या मुलीने त्यात बोलायचं कुठे? रेखाताईंना तिने जो प्रश्न विचारला तो माझ्यासाठीच होता, हे कळायला मला कोणी पंडित नको. त्याचं झकास उत्तर माझ्याकडे तयार आहे, तीन विनोदांसकट. पण खरं उत्तर काय, ते मी त्या रात्रभराच्या प्रवासात शोधत राहिले आणि जे सापडलं ते मला आवडलं नाही. मला चालत नव्हतं. पुराव्याने गप्प बसलेलं मला कधीच चालत नव्हतं.

साताऱ्याला नवरा घ्यायला आला होता. सईच्या पाठीवरची बॅग घेत त्याने विचारलं, "काय गं, कसं झालं नागपूर?" आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागले. पट्टा नीटच होता. फलाटावरची माणसं बाजूने निघून गेली, गाडीही हलली. नवऱ्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी वर बघितलं नाही. सई अजून विचार करत होती.