माझ्या पाठीमागची बाई

लोणारात एक गाजलेलं नाटक आलं होतं. खुर्च्यांना नंबर नव्हते. रुमाल टाकेल त्याची जागा. मला कमी ऐकू येतं, म्हणून पुढची खुर्ची हवी होती. पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल होता आणि तिच्या मागे बसलेली एक काटकुळी बाई येईल त्याला हाकलत होती. मला पाहताच तिनं रुमाल उचलला.

"बसा माय. तुमच्यासाठीच धरली."

"काऊन वं? मी तुई कोण?"

"कोणी नाही. पाठ रुंद हाय तुमची." मग हळूच माझ्या कानाशी आली. "नाटकात पोरगी हाय माही. मी दिसली की तिले रडू येते, शब्द विसरते. आली म्हणून सांगतलंच नाही तिले."

मी बसले. जाडेपणाचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

तिची पोरगी कोणती, ते विचारावं लागलं नाही. एक सावळी मुलगी बोलायला लागली की माझ्या खांद्यावर मागून बोटं रुतायची. शेवटी त्या मुलीचं लांबलचक भाषण कुठंही न अडखळता पार पडलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

माझ्या मागच्या बाईची मात्र एकही टाळी आली नाही. वळून पाहिलं, तर बाईनं माझाच पदर तोंडात कोंबला होता. मी तो ओढून घेतला नाही.